सकाळी सातचं दव

२ मार्च
आजपासून शेती विज्ञानाच्या हाती. ठिबक होतंच, आता मातीचा ओलावा मोजणारे दोन सेन्सर आणले. एक टोमॅटोच्या अर्ध्या एकरात, दुसरा सरावासाठी खिडकीतल्या पुदिन्याच्या कुंडीत. माहितीपुस्तक तीनदा वाचलं, छपाईच्या दोन चुका काढल्या. पुरण्याआधी दोन्ही सेन्सर साबणाने धुतले. १ (शेत) आणि २ (कुंडी) लिहिलेल्या चिठ्ठ्या त्यात सुटल्या, परत चिकटवल्या. शेतातला ओलावा तीसच्या खाली गेला की ठिबक आपोआप सुरू. मी फक्त फोन बघायचा.
संकल्प: मातीला हात लावायचा नाही.

५ मार्च
माती प्रयोगशाळेच्या बाई येऊन गेल्या. २८ तारखेला तीस शेतकऱ्यांना कमी पाण्यातलं एक शेत दाखवायचंय. कोणाचं, ते त्यांचं अजून ठरायचंय. माझं ठरलंय. भाषण लिहायला घेतलं.

९ मार्च
ही म्हणाली, रोपांनी माना टाकल्यात. फोन दाखवला: ओलावा बेचाळीस. धाकटा भाऊ म्हणाला, दादा, एकदा बोट खुपसून तर बघ. दोघांनाही सांगितलं, यापुढे काय विचारायचं ते फोनला विचारा. धाकट्याचं शिक्षण माझ्याइतकंच, शाळेपुरतं. पुढचं मी स्वतः शिकलो. तो बोटावरच थांबला.

१२ मार्च
रोपं ताठ. हिला मुद्दाम नेऊन दाखवली. ती बरं म्हणाली. कौतुक करायची सवयच नाही.
दहा दिवसांत ठिबक एकदाही सुरू झालं नाही. म्हणजे पाण्याची शंभर टक्के बचत. बाईंना फोनवर कळवलं. त्यांनी आकडा पुन्हा सांगायला लावला. भारावल्या असाव्यात. मग म्हणाल्या, २८ला तुमच्याकडेच येते, मला हे बघायचंच आहे.

१५ मार्च, सकाळी ७.१०
शोध लागला. शेतातला ओलावा रोज बरोबर सातला उडी मारतो. आधी नाही, नंतर नाही. जमीन त्या वेळी दव पिते. हे आजवर कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? भाषणात चार पानं वाढवली.

१९ मार्च
ही दोन दिवस बहिणीकडे. ओलावा तेहतिसावर घसरला. दव पडलं नसावं.

२२ मार्च, दुपारी ४.२०
डुलकी मोडली म्हणून शेताकडे गेलो. धाकटा समोरून येत होता, पाय चिखलाने भरलेले. माझ्या शेतात चिखल कसा, विचारलं. दव, म्हणाला, आणि हसला.
मी वाचवलेलं पाणी हा स्वतःच्या तुकड्याला पळवतोय. सख्खा भाऊ. उद्या पकडतो.

२३ मार्च
तीनपासून खताच्या पिंपामागे बसलो. पाठ धरली. बरोबर चारला धाकटा आला. सोबत ही. हिने माझ्या रोपांपाशी बोट मातीत खुपसलं, मान हलवली. त्याने बाजूचा, हाताने फिरवायचा कॉक उघडला. पाणी माझ्याच टोमॅटोंना.
चौदा दिवस. माझ्याच घरातली माणसं, माझ्या पाठीमागे, माझं पीक वाचवत होती.
ही म्हणाली, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही फोन दाखवता, आणि रोपांना काही फोन वाचता येत नाही. धाकटा म्हणाला, दादा, तू गावभर सांगून बसला होतास. आमची काय बिशाद.
जेवलो नाही. म्हणजे पोळी अर्धीच घेतली.

२४ मार्च
अबोला. दोघांच्या लक्षात आलेला दिसत नाही.
पूर्ण विचार केला. यांचं पाणी जास्तीचंच होतं. दवावर भागलं असतं. बाईंना काही सांगायची गरज नाही.

२८ मार्च
सकाळी पावणेसातलाच तीस शेतकरी अंगणात. बाईंच्या हातात माझा फोन. ही सातची उडी कसली, त्यांनी विचारलं. दवाचं प्रकरण सुरू केलं. दुसऱ्या पानावर होतो, तेवढ्यात फोनवरचा आकडा चढला. बाईंनी मान वर केली. त्यांच्यामागोमाग तिसांनी.
खिडकीत ही, हातात तांब्या, पुदिन्याला पाणी घालत होती.
कुंडीतला सेन्सर उपटला. चिठ्ठीवर २. फोनवर शेताचा आकडा गायब. म्हणजे शेताचा सेन्सर महिनाभर पुदिन्यात आणि सरावाचा शेतात. त्या साबणाच्या पाण्यात चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली.
मग टोमॅटोंना पाणी कधी द्यायचं हे कळलं कसं, बाईंनी हिला विचारलं. हिने बोट दाखवलं, दुसऱ्या पेरापर्यंत. बाईंनी ते लिहून घेतलं. सेन्सर नीट बसवून त्याच्यासोबत बोटही पडताळायला ठेवा, म्हणाल्या. सगळे शेतात गेले. भाषण सव्वीस पानी होतं. खिशातच राहिलं.

३० मार्च, दुपारी ४.०५
सेन्सर योग्य जागी पुरला. चारला फोन वाजला: माती कोरडी, ठिबक सुरू. धावत गेलो. ही आणि धाकटा आधीच उभे, बोटं मातीने माखलेली. फोन बरोबर आहे, असं दोघांनी मान्य केलं. उद्यापासून फोन धाकट्याकडे.
पुदिन्याचं पाणी माझ्याकडे दिलंय. सकाळी सातला. आधी बोटाने बघायचं, असं ही म्हणाली.