फळ्यावरचा चौथा नंबर

बा, कापसाच्या जिनाच्या क्लबात लावलेल्या त्या फळ्यावर तुझं नाव नव्हतं. चौथ्या ओळीवर बोट ठेवून मी तुला जे वाचून दाखवलं, ते खोटं होतं. तुला हे पुढे कळलं, हे मला माहीत आहे. पण माझ्या तोंडून कधी कळलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा तू आसेगावहून वाशीमला आलास तो जिनात कापसाच्या गठाणी उचलायला, पण मालकांना हॉकीचा नाद, आणि तुझे लांब हात-पाय बघून त्यांनी तुला गोलात उभं केलं. टीममधले बहुतेक जण पगार जिनाचा घेत आणि काम मैदानावर करत. तू दोन्ही करायचास. सकाळी गठाणी बांधायच्या प्रेसवर, ऊन कललं की गोलात. पायाला कोणाचे तरी जुने पॅड, आतून गोणपाटाच्या घड्या कोंबलेल्या. उजव्या पायाची दोन बोटं बॉल लागून अशी वाकडी झाली होती की कोणतीच चप्पल तुला धड बसत नसे. तुला अक्षर येत नव्हतं. मला यावं म्हणून तू मॅट्रिकपर्यंत शिकवलंस, आणि मी त्याच जिनात कारकून झालो. पहिल्या दिवशी आपण दोघं घरून सोबत निघालो, पण फाटक दिसलं तसा तू थांबलास. "तू जाय म्होरं, मी मांगून येतो," म्हणालास. मी वळून न बघता आत गेलो. मला तेव्हा हायसं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

दोन वर्षांनी नागपूरहून नवे मॅनेजर साहेब आले. त्यांनी मला बोलावून सांगितलं की मालकांची इच्छा आहे, टीम सुरू झाल्यापासूनचे सगळ्यांत थोर अकरा खेळाडू निवडायचे, नंबरवार, आणि तो फळा क्लबात लावायचा. माझं अक्षर चांगलं, मॅचची वहीही माझ्याच ताब्यात, तेव्हा यादी मी करायची आणि फळाही मीच रंगवायचा. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मी वही उघडून बसलो. कोणी कोणत्या मॅचमध्ये किती गोल मारले, ते सगळं तिच्यात होतं. अडवलेल्या गोलांसाठी रकानाच नव्हता. मग मी टीमच्या जुन्या कप्तान चाचांकडे गेलो. ते अंगणात खाटेवर बसलेले. मी अकरा नावं वाचायला लागलो. तिसऱ्या नावालाच त्यांनी मला थांबवलं.

"तुह्या बापाचं नाव कोठी हाय?"

"चौथा ठेवला आहे, चाचा."

"काहून चौथा? पहिला लिव. गोल माराले धा जन भेटतीन. अडवाले एकच भेटते. त्याच्या भरोशावर आमी समदे पुढं पळून राह्यलो होतो, समजलं का?"

मी हसलो आणि मान हलवली. चौथाच ठेवला. लोक म्हणतील बापाला वर चढवलं, असं मी स्वतःला सांगितलं. चाचांनी मात्र तुला त्याच दिवशी सांगून टाकलं की तुझं नाव फळ्यावर येणार आहे. त्यानंतर आठवडाभरात ते मुलीकडे बुऱ्हाणपूरला राहायला गेले.

यादी साहेबांच्या टेबलावर ठेवली तो क्षण मला अजून दिसतो. साहेब पेन्सिल एकेका नावावरून खाली आणत आहेत. चौथ्यावर पेन्सिल थांबते. "हा कोण? वहीत तर याचा एकही गोल नाही." मी म्हणतो, गोलकीपर होता. "आडनाव तुमचंच दिसतं." बाजूच्या टेबलावरचा हेडक्लार्क मान वर करतो. त्याला सगळं माहीत आहे, आणि मी काय बोलतो हे ऐकायला तो थांबला आहे. खिडकीतून प्रेसचं आवार दिसतं आहे. तू तिथे, उघड्या अंगाने, पाठीवर गठाण घेऊन, केसात कापसाचे तंतू. साहेबांनी फक्त विचारलं होतं, बा. नाव काढ असं ते म्हणाले नव्हते. मी म्हणालो, "आमच्याकडे या आडनावाची पुष्कळ घरं आहेत, साहेब. माझा कोणी नाही. ते नाव चुकून आलं." आणि माझ्याच हाताने मी तुझं नाव खोडलं. तिथे मालकांच्या भाच्याचं लिहिलं. तो दोन हंगाम खेळला होता.

फळा लागला त्या दिवशी तू धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून आलास. सोबत माय. भाषणं झाली, माणसं पांगली, आणि तू फळ्यापुढे जाऊन उभा राहिलास.

"लेका, माह्यं नाव कोठी हाय? वाच बरं."

मी आजूबाजूला पाहिलं. जवळ कोणी नव्हतं. मी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि तुझं नाव वाचलं. पूर्ण नाव, तुझ्या बापाच्या नावासकट. तू हात पुढे केलास आणि मागे घेतलास. "ओला असन रंग," म्हणालास. माय म्हणाली, "अजून एकडाव वाच न, मले आयकू आलं नाई." मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना आवाजही हलला नाही माझा. नंतर इंझोरीचे मामा आले, तेव्हा तू त्यांनाही क्लबात नेऊन ती ओळ दाखवलीस. त्यांनाही वाचता येत नव्हतं. टीममध्ये ज्यांना येत होतं, त्यांनी तुला काही सांगितलं नाही. तुला वाईट वाटू नये म्हणूनच असेल. मला मात्र ते रोज ऑफिसात बघत होते.

मग शाळेत मोठ्या माणसांसाठी दर रविवारी सकाळी वर्ग सुरू झाला आणि तू पाटी घेऊन जायला लागलास. "या वयात कायले?" असं मी विचारलं. "आपलं नाव आपल्याले वाचता यावं," एवढंच म्हणालास. चार महिन्यांत तू स्वतःचं नाव लिहायला शिकलास. चुलीपाशी बसून बोटाने राखेत लिहायचास आणि मायला दाखवायचास. मी खरं सांगायला हवं होतं. रोज ठरवत होतो, आणि रोज ताटावरून उठून जात होतो.

एका रविवारी वर्गाहून तू घरी उशिरा आलास. मी जेवत होतो. तू पाय धुतले, समोर बसलास. मायने तुला भाकर वाढली. तू भाकर मोडून तशीच ताटात ठेवलीस. मग माझ्याकडे न बघता म्हणालास, "तो चौथा पोट्टा, बॉल चांगला पळवे." मग म्हणालास, "तुह्यं अक्षर लय साजरं हाय." आणि जेवायला लागलास. पुढच्या रविवारी तू वर्गाला गेला नाहीस. मायने विचारलं, "आता काहून नाई जात?" तू म्हणालास, "जेवढं वाचाचं होतं तेवढं झालं वाचून."

त्यानंतर तू सोळा वर्षं जगलास. एकदाही विषय काढला नाहीस. एखादी शिवी दिली असतीस, चार माणसांत कानाखाली मारली असतीस, तर मी तुझ्या पायावर पडलो असतो. तू मला ती सोय ठेवली नाहीस. की विषय तूच काढावास म्हणून मीच वाट बघत बसलो, कारण सगळं तूच करावंस अशी माझी सवय होती?

परवा घरात एकटाच होतो. कोरा कागद घेतला आणि ती अकरा नावांची यादी नव्याने लिहायला बसलो. डाव्या कडेचा लेफ्टआउटवाला कोपऱ्यातून वाकून बॉल कसा आत टाकायचा, ते आठवलं. कप्तान चाचा मधल्या फळीत उभ्या उभ्या समोरच्याच्या स्टिकमधून बॉल कसा काढून घ्यायचे, ते आठवलं. प्रत्येकाच्या नावापुढे तो का थोर, हे दोन-दोन ओळी लिहीत गेलो. सगळ्यांत वर तुझं नाव लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते सुचेना.

बा, पोरगा असल्यापासून मी प्रत्येक मॅचला असायचो, हे खरं आहे. पण गोलातला तो हमाल माझा बाप आहे हे शाळेतल्या पोरांना कळू नये, म्हणून मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, समोरच्या टीमच्या गोलामागे उभा राहायचो. हाफटाइमला तुम्ही बाजू बदलली, की मीही बदलायचो. तुला एकही बॉल अडवताना मी जवळून पाहिलेलं नाही.