मधाचा गुडघा आणि बिनमधाचा

ती. शुभदाताईस,

धाकट्या उपेंद्रचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगात गुडघेही धरतात आणि माझे दोन्ही सध्या कामात आहेत, तेव्हा हा सातच अंगांचा समजावा.) तुझा खोकला थांबला का? फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. सुखदाचं लग्न पंधरवड्यावर आलं. भावोजींच्या माघारी कन्यादानाला मी आणि नीलानं बसायचं ठरलंय, हे लक्षात आहे. इकडे जालहळ्ळीत सर्व ठीक, म्हणजे नीला ठीक आहे. तू वाईहून पाठवलेली मधाची बाटली पोचली आणि संपलीही. ती कशी संपली, ते सांगतो.

मागच्या आठवड्यात इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत हयवदनच्या वर्कशॉपवर गेलो होतो. (हयवदन आमच्याच कारखान्यातला, माझ्यासारखाच निवृत्त. फरक इतकाच की तो अजून काम करतो आणि मी ते बघायला जातो.) त्याच्या दारात ऑइल सांडलं होतं. स्कूटर आत गेली, मी बाहेर राहिलो. दोन्ही गुडघे सोलपटून निघाले. हयवदन कानडीत ‘स्वल्प, स्वल्प’, म्हणजे जरासंच, म्हणत मला दवाखान्याकडे ओढू लागला, पण मी म्हटलं, छे! घरी ताईचा मध असताना दवाखाना कशाला?

आता ही मधाची विद्या मला शलाकाकडून मिळालेली. लेक जंतूंवर संशोधन करते, तेव्हा कधीतरी बापाच्या उपयोगी पडायला हवीच. दिवाळीला आली तेव्हा सांगत होती, की मधात साखर इतकी आणि पाणी इतकं कमी, की जंतूंच्या अंगातलंच पाणी ओढलं जातं. शिवाय मध आंबट असतो, आणि मधमाश्या त्यात असं काहीतरी मिसळतात की ओल्या जखमेशी गाठ पडली की तिथल्या तिथे जंतुनाशक तयार होतं. पोळ्याच्या फटी बुजवायला माश्या झाडांचा चीक आणतात, त्यानंही म्हणे जंतू मरतात. ती पुढेही बोलत होती, पण तेवढ्यात पानं वाढली. (पुढचं असं होतं की जखमेला लावायचा मध निर्जंतुक केलेला, वेगळा असतो, आणि स्वयंपाकघरातला लावू नये. हे मला काल कळलं.)

मी जन्मभर तपासणी विभागात होतो. तुलनेला एक नमुना तसाच ठेवल्याशिवाय दुसऱ्यावर शेरा मारायचा नाही, ही आमची शिस्त. म्हणून डाव्या गुडघ्याला तुझा मध आणि उजव्याला काहीही नाही. उजव्याला कुणी हात लावायचा नाही, अशी नीलाला सक्त ताकीद दिली. तर म्हणते, “पण दोन्ही तुमचेच ना?” शास्त्राशी तिचं पहिल्यापासूनच जमत नाही.

मधात जंतू तग धरत नाहीत. मुंग्यांविषयी शलाका काही बोलली नव्हती. दुसऱ्या सकाळी बाल्कनीपासून माझ्या डाव्या गुडघ्यापर्यंत अशी रांग लागली, की आमच्या कँटीनलाही इतक्या शिस्तीत कधी लागली नाही. आई दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची, आठवतं? तशा खुर्चीखाली ठेवल्या आणि लुंगी वर करून बसून राहिलो. हयवदन समाचाराला आला. त्यानं वाट्या पाहिल्या, मला पाहिलं, आणि कॉफी न घेता गेला. पुढे लुंगी मधाला चिकटली आणि सोडवताना खपली घेऊनच सुटली. (तेव्हा मी जे ओरडलो, ते खालच्या मजल्यावरच्या अक्कांना मराठी येत नसूनही नीट समजलं.)

एवढं सोसून निकाल काय? ज्याला काहीच लावलं नाही तो उजवा गुडघा भराभर सुकला. मधाचा डावा मागे पडला. तुझ्या मधाला मी नावं ठेवत नाही, पोळीशी उत्तम लागतो.

खोकल्याला जप. सुखदाला आशीर्वाद.

तुझा,
उपेंद्र

ता. क. – एक किरकोळ गोष्ट राहिली. कन्यादानाला जितेंद्ररावांना बसव. मुलीचे सख्खे काका आहेत, आणि त्यांची मांडी छान बसते. मी मागे कुठेतरी खुर्चीवर बसेन.

ता. क. – ताई, मी नीला. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. हे दुपारी घोरत असताना उजव्या गुडघ्याला मी डॉक्टरांचं मलम लावत होते. मुंग्या बघवेनात, तेव्हापासून डाव्यालाही. दोन्ही गुडघे बरे आहेत. काल जमिनीवर मांडी ठोकून यांनी अख्खा फणस सोलला. खरं ते वेगळंच. परवा गुरुजींनी पाठवलेला कन्यादानाचा संकल्प हे मोठ्यानं म्हणून बघत होते. सुखदाचं नाव आलं आणि पुढे शब्दच फुटेना. मग म्हणाले, “चार लोकांत असं झालं तर?” होऊ दे की! भावोजी असते तर त्यांचंही झालं असतं. पाट आमचेच मांडा.

ता. क. – पाकीट मी पुन्हा उघडलं. पाट मांड. फक्त गुरुजींना विचार, होम कन्यादानाच्या आधी पेटवता येईल का. आणि धूर माझ्या बाजूला येऊ दे.