पट्टीवर ‘हा’ करण्याची नोकरी

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या गुडघ्यांना, चष्म्याला आणि तुला, याच क्रमाने, साष्टांग नमस्कार. (गुडघे आधी, कारण त्यांची तक्रार पत्रागणिक वाढते.) तुझी झोप कशी आहे? इकडे मी खुशाल आहे, म्हणजे दोन वेळा जेवतो आणि श्वास बहुतेक माझाच घेतो. बहुतेक का, ते पुढे येईलच.

“सहा महिने एका जागी टिकलास तरच मला तोंड दाखव,” असं तू दारात उभी राहून बजावलं होतंस. आज इथे पाच महिने चोवीस दिवस झाले. त्याआधी छापखाना अकरा दिवस, बोटीवरचं स्वयंपाकघर तीन आठवडे (तिथला आचारी शिट्टीवर पोपटासारखं बोलायचा, पण ते असो), आणि आता ही प्रयोगशाळा. इथे नखाएवढ्या, आरशासारख्या सिलिकॉनच्या पट्ट्या असतात. त्यांवर डोळ्यांना न दिसणारे चौकोन आखलेले. पट्टी पॉलिमरच्या पाण्यात बुडवायची. तो फक्त चौकोनांवर बसला पाहिजे, मधल्या गल्ल्यांत नाही. मग एकेका चौकोनावर रक्तातला एकेक पदार्थ पकडतात आणि एका थेंबात शंभर तपासण्या होतात. पाण्यात मीठ जास्त पडलं की पॉलिमर गल्लीतही मुक्काम ठोकतो. बाई म्हणतात (इथल्या प्रमुख, कधीच न हसणाऱ्या), “लांब साखळी असते रे ती. एक पाय सुटला तरी बाकीचे शंभर धरून असतात. एकदा बसली की सहसा उठत नाही.” मी म्हटलं, माझ्या अगदी उलट.

बुडवून काढल्यावर पट्टी लगेच धुवायची, वाळवायची आणि तिच्यावर तोंडाने ‘हा’ करायचा. वाफेत चौकोन क्षणभर उमटतात. तपासायला मशीन आहे, पण ‘हा’ची पद्धत माझ्याआधीच्या फुंकरमास्तरांनी पाडली, आणि बाईंचा विश्वास तिच्यावरच.

तर मागच्या मंगळवारी दुपारी मी चाळीस पट्ट्या बाहेर काढल्या आणि खिडकीतून क्रेन दिसली. पाण्याची टाकी अख्खीच्या अख्खी समोरच्या गच्चीवर चढवत होते! न धुताच पट्ट्या जाळीवर ठेवल्या, खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि दोन तास तिकडे. (टाकी शेवटी चढली नाही.) परत येताना न धुतलेल्या पट्ट्या आठवल्या. गेली नोकरी, गेलं तुला तोंड दाखवणं. कुलूप उघडलं, तर चाळीसही पट्ट्या धुतलेल्या, वाळवलेल्या, डब्यात ओळीने लावलेल्या. मी पहिली चिमट्याने उचलून तोंडाजवळ नेली. आत्या, मी अजून ‘हा’ केलाच नव्हता. पट्टीवर वाफ आली. चौकोन स्वच्छ, गल्ल्या स्वच्छ. वाफ विरली, पुन्हा आली. सावकाश, म्हाताऱ्या माणसाच्या दमाने.

मी शहाण्यासारखं डबा बाईंपुढे ठेवला आणि शाबासकी घेतली. दुसऱ्या दिवशी सहज विचारलं, “फुंकरमास्तर किती दिवस होते हो इथे?”

“सहा महिन्यांसाठी आले होते,” बाई म्हणाल्या. “एकोणीस वर्षं झाली.”

“आता कुठे असतात?”

बाईंनी माझ्या स्टुलाकडे पाहिलं. “जरा सरकून बसत जा.”

तेव्हापासून सरकून बसतो. कामात चूक होत नाही. क्रेन रोज येते म्हणे, मी पाहिलेली नाही.

तुझा (आता स्थिर झालेला) भाचा

ता. क. बाईंनी कायम नोकरीचा कागद पुढे केला. सही करायची नाही असं ठरवलं होतं. सही झालेली आहे. अक्षर माझंच आहे.

ता. क. २. खरं मागणं हे : तू जिंकलीस, मी टिकलो. आता तू स्वतः ये, माझा कान धर आणि मला इथून ओढून ने. गुडघ्यांना माझ्यातर्फे विनंती कर.

ता. क. ३. सोमवारी मात्र येऊ नकोस, नव्या पट्ट्या येणार आहेत. मंगळवारी त्या बुडवायच्या. बुधवारचं नंतर कळवतो. हे पत्र बाई जाता जाता पेटीत टाकतील; मीच टाकणार होतो, पण एक पट्टी राहिली आहे.