निळा रंग

रविवार, ८ डिसेंबर १९९१. पूर्णा.

संध्याकाळी दिगंबरसोबत व्हिडिओ सेंटरात उडणाऱ्या वीराचा सिनेमा पाहिला. त्यातला गुंड विजेच्या झटक्यानं निळा राक्षस होतो आणि शेवटी एकटाच मरतो. दिगंबर उद्या कायमचा मुलाकडे चाललाय.

लहानपणी आमच्या झरी गावच्या सोंगांत दिगंबर निळा राक्षस व्हायचा, मी देव. मारल्यावर देवानं राक्षसाला उचलून छातीशी धरायचं, ही रीत. माझ्या सदऱ्यावर निळा रंग उरायचाच.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ह्याला कुणी उचललंच न्हाई की रे."

"तू लय जड होतास, गड्या!"

"आता न्हाई. बघ की उचलून."

भर रस्त्यात उचलला. खरंच हलका झालाय. शाळेत निरोपाच्या कविता किती पाठ केल्या, एक ओळ आठवेल तर शपथ!

घरी येऊन सदरा निरखला. निळं काहीच नाही. कुठून असणार?