नवव्या वर्षीचा पाऊस

२८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी सहाला टीव्हीवर ‘साळू छत्रीवाला’चं यंदाचं कार्टून पाहिलं आणि ठरल्याप्रमाणे आज चहाच्या आधी लिहायला बसलो आहे. तुझंही पत्र आत्ता पेटीत पडत असेल. एकमेकांचं वाचायच्या आत आपलं लिहून टाकायचं, हा नियम तूच घातलास आणि मी तो वीस वर्षं पाळला. पण आजवर मी नुसतं गोडगोड लिहीत आलो. ज्या स्टुडिओचं मीठ खाल्लं त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नव्हती. यंदा मात्र राहवत नाही.

साळू कधी बोलायचा का, तूच सांग. एक मुकं साळिंदर छत्र्या दुरुस्त करतं आणि एक भोक बुजवताना स्वतःच्याच काट्यांनी आणखी दोन पाडतं. एवढ्यावर लोक वर्षाच्या शेवटी अर्धा तास हसायचे आणि उठताना डोळे पुसायचे. काल तो अखंड बडबडत होता. त्याला एक भाचा चिकटवलाय. तो चाकांच्या फळीवर उड्या मारतो आणि दर उडीला गाणं म्हणतो. पूर्वी छत्री दरवर्षी नव्या रंगाची असायची. पहिली बावीस वर्षं तो रंग मी कालवला. करड्यात निळा किती घालावा यावरून साळू काढणारे चित्रकारसाहेब आणि मी एकदा तीन दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो. आता सहा वर्षं तीच लाल छत्री, कॉम्प्युटरमधली. मध्ये दोन मिनिटं तर नुसताच पाऊस, त्यात साळूही नाही. तो पाऊस मी ओळखला. साळूच्या नवव्या वर्षीचा आहे, जुन्यातून उचलून लावलेला. त्यातल्या एका थेंबाजवळ माझ्या ब्रशचा केस चिकटला होता, तो अजून तिथेच आहे.

आणि मी झोपलो नव्हतो बरं का. गेली काही वर्षं तुझ्या पत्रात असं काहीतरी असतं जे मला दिसलेलंच नसतं. मग मी समजायचो, डुलकी लागली असेल. म्हणून यंदा अख्खा अर्धा तास उभ्याने पाहिला. टाचा दुखताहेत.

गुडघा आहे तसाच. गॅस बंद केला का ते दोनदा उठून पाहतो. घरात सर्वांना आशीर्वाद. तुझा लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


२८ डिसेंबर

चि. रंगोबास,
अनेक आशीर्वाद.

यंदा तू नक्की घोरत पडला असणार, म्हणून सविस्तर लिहिते. एक म्हातारं गिऱ्हाईक छत्री घेऊन आलं. छत्री कसली, कापड केव्हाच गेलेलं, नुसत्या काड्या. साळूने ती उलटसुलट करून पाहिली आणि हताश होऊन ठेवून दिली. तेवढ्यात पाऊस आला. मग काय केलं असेल त्याने? त्याच काड्या उघडल्या, दोघांच्या डोक्यावर धरल्या आणि दोघं दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. पाणी सरळ अंगावर पडत होतं, तरी दोघं छत्रीखाली. कितीतरी वेळ नुसता पाऊस, कोणी बोलेना. काड्यांना कुठे कुठे कापडाची चिंधी राहिली होती, शाईत दूध सांडावं तशी निळसर. तुझाच रंग वाटला मला.

भाचा आहे थोडा आगाऊ, पण पोर म्हटलं की तेवढं चालायचंच. माझी तब्येत उत्तम. तू स्वेटर घालतोस ना? की तोही डब्यात जपून ठेवलायस, रंगांसारखा? अशीच माया असू दे.

तुझी,
ताई


३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सात वेळा वाचलं. हे मी पाहिलेलं नाही, ताई. आधी वाटलं माझा टीव्हीच बिघडला. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पाठीमागचं झाकण उघडलं, फुंकर मारली आणि म्हणाला, काका, हा ठणठणीत आहे, तुम्हीच एकदा स्वतःला तपासून घ्या. खालच्या शिंपीणबाईंना विचारलं. त्यांनीही पाहिलं होतं, पण काड्यांची छत्री कुठेच नाही म्हणाल्या. शेवटी धीर करून स्टुडिओत फोन लावला. मी रंगखोलीत होतो असं सांगितलं, तर फोनवरच्या मुलीने विचारलं, कसली खोली? पण बिचारी मायाळू निघाली. म्हणाली, आजोबा, आता इथे आम्ही तिघंच सगळं करतो, दोन माणसं इतका वेळ गप्प बसलेली दाखवणं आम्हाला परवडतच नाही.

तेव्हापासून जेवण जात नाही. तुला भास होताहेत का? डोक्याला मार वगैरे लागला होता का कधी, जो मला कळवला नाहीस? मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला आजारांची नावं कळत नाहीत, म्हणून सगळ्यांचीच भीती वाटते. डॉक्टरला दाखव. मुलाला बरोबर ने. उत्तर उलट टपाली पाठव. मी रोज दुपारी जिन्यात जाऊन बसतो.

तुझा,
धाकटा


१० जानेवारी

चि. रंगोबास,
अनेक आशीर्वाद.

जिन्यात बसू नकोस, गार फरशीने गुडघा धरेल. माझं डोकं शाबूत आहे. खोटं बोलले, एवढंच.

या नव्या घरात आल्यापासून, म्हणजे चार वर्षं, मी साळू पाहिलेला नाही. टीव्ही मुलाच्या खोलीत आहे. पहिल्या वर्षी जाऊन पलंगाच्या कडेला बसले होते. सूनबाई अगदी हळू म्हणाली, आई, तुम्ही तुमच्या जागी जरा पडा ना, पाठ दुखेल. ती वाईट नाही, कोणीच वाईट नाही. दिवसभराची दमलेली माणसं, त्यांना दार लोटून घ्यावंसं वाटतं. मला ते ढकलून आत जावंसं वाटत नाही. नात साळू लावते तेव्हा मी बाहेर बोळात वॉशिंग मशीनजवळ स्टूल घेऊन बसते. मशीन बंद असलं की सगळं ऐकू येतं. आवाज तिकडून येतो, चित्रं मी माझी काढते. यंदा बराच वेळ नुसता पाऊस ऐकू आला, कोणी बोलत नव्हतं. मला वाटलं, दोघं बसले असतील.

तुझं ते रागाचं पत्र माझं टाकून झाल्यावर आलं. ते आधी मिळतं तर मीही चार शिव्या दिल्या असत्या. पण तू आयुष्य त्या रंगाच्या वाट्यांमध्ये घातलंस. ते काम वाया गेलं असं तुला कशाला वाटू द्यायचं, म्हणून दरवर्षी चांगलंच काढत गेले. आता रागव हवा तेवढा, पण जेव.

तुझी,
ताई


१४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जेवलो. नंतर तुझ्या मुलाला खरमरीत पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, तिकीट लावलं आणि फाडून टाकलं. त्याला कुठल्या तोंडाने बोलू? चार वर्षं मी तुला साळू कसा वाटला ते विचारत आलो. तू कुठे बसून पाहतेस, हे मी एकदाही विचारलं नाही. तो एका घरात राहून विसरला, मी लांब राहून विसरलो, एवढाच काय तो फरक.

माझ्याकडे दोन खोल्या आहेत. टीव्हीसमोर एकच खुर्ची होती, काल सुताराकडून दुसरी आणली. तिचा एक पाय आखूड निघाला, खाली पुठ्ठा घातलाय. न्हाणीची फरशी निसरडी आहे, त्याची मला फार धास्ती वाटते. मी पहाटेपासून खोकतो. भाजीत मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, नंतर बोल लावू नकोस. मधे गाडी बदलावी लागते, पण तुला एकटीला येऊ देणार नाही, मी न्यायला येईन. नऊ वर्षांत मी गाडीत पाऊल ठेवलेलं नाही, तरी येईन.

एक कबूल करतो. हे लिहिताना मनात आलं, तू इथे आलीस तर मला पत्र कोण लिहिणार? आणि मी खरंच घाबरलो. टपालवाला सोडला तर माझं दार कोणी वाजवत नाही. असला आपमतलबी भाऊ आहे तुझा, हे पाहूनच काय ते ठरव.

यायचं नसेल तर नाही म्हण, मी रुसणार नाही. थोडा रुसेन. पण या उत्तरात साळूबद्दल अक्षर लिहू नकोस. तुझी खाट कुठे टाकली आहे, तिथे खिडकी आहे का, जेवायची वेळ झाली की तुला कोणी हाक मारतं का, एवढंच लिही. आणि जसं आहे तसं लिही. चांगलं करू नकोस.

तुझ्या खऱ्या पत्राची वाट पाहणारा,
धाकटा