खुर्चीवरची फळी

धाकट्या,

लेकीच्या घरी आयतं खाऊन बाळसं धरलं असशील. इकडे आपलं सलून चालू आहे, म्हणजे रोज शटर वर जातं एवढंच. येतात ते सगळे म्हातारे. केस कमी आणि चौकशा जास्त, कोण पडलं, कोण गेलं.

लहान पोरांना बसवायला आपण खुर्चीच्या हातांवर फळी टाकायचो, आठवते? ती आता पायरीवर टाकली आहे, व्हीलचेअर आत यायला. शाळाच बंद पडली, पोरं आणायची कुठून? परवा आपले मास्तर त्याच फळीवरून आत आले आणि दाढी करता करता झोपून गेले. मी उठवलं नाही. मलाही जरा बसायचं होतं.

जाग आल्यावर म्हणाले, "लेका, सगळ्या गल्लीला चकाचक ठेवतोस आणि स्वतः अस्वलासारखा हिंडतोस."

खरंच रे, केस मानेवर आलेत. सुट्टीच्या दिवशी आपण एकमेकांचे कापायचो. आता सांगू कुणाला? गावात दुसरा न्हावी उरलेला नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. फोनवर 'झकास चाललंय' म्हणेन. तू दुकान का सोडलंस, ते मला ठाऊक आहे. वस्तरा धरला की तुझा हात थरथरायचा. तू बोलला नाहीस, मी विचारलं नाही.

तरी एकदा ये. खुर्ची पुसून ठेवतो. कान कापलास तरी चालेल.

तुझा वाढलेला,
दादा