घरच्या हंड्याची कल्हई

मी, जोहरा मुबारक कल्हईवाले, वय सदुसष्ट, राहणार भोर, कुणाच्याही धाकाशिवाय आणि डोकं ताळ्यावर असताना हे लिहून ठेवते. ताळ्यावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मुलगा एहसान चार वर्षं गावभर सांगत होता की अम्मीला चळ लागलाय, म्हणून ही खबरदारी.

१. माझे पती मरहूम मुबारक यांच्या कल्हईला वेल्ह्यापर्यंत नाव होतं. गिऱ्हाइकाच्या भांड्याला चोख कथील. घरच्या हंड्याला मात्र गळक्या डबे-बादल्यांना डाग देऊन उरलेली शिशाची खुरचण. "वाया कशाला घालवू?" म्हणायचे. नळ दिवसाआड, म्हणून पाणी त्याच हंड्यात राहायचं. शेवटी ते मला ओळखेनात. मी म्हणायचे, ढोंगं पुरे करा. त्याचं मला फार वाईट वाटतं. अल्ला मला माफ करो.

२. मग मीच बाजारातून घरची वाट चुकू लागले. एहसान म्हणाला, वय झालं. सून अम्रीन गप्प बसली नाही. तिनं हंड्यातलं पाणी आणि माझं रक्त पुण्याला तपासून आणलं. दोन्हीत शिसं! डॉक्टर म्हणाले, "वयाचाही भाग असेल, पण हंडा आजच बंद करा." औषधं झाली, दीड वर्ष स्टीलच्या पिंपातलं पाणी पिते. सगळं परत आलं नाही. पण बाजारातून एकटी येते, आणि नातीचे पाढे चुकले तर कान धरते.

३. घर माझ्या नावावर आहे. शरियतीप्रमाणे तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच मला मर्जीनं देता येतं. रस्त्याकडची खोली त्यात बसते, ती अम्रीनची. बाकी वारसांचं, रिवाजाप्रमाणे. एहसाननं कुरकुर करू नये.

४. भाता आणि चिमटे एहसानला. हंडा मोडीत द्यायचा नाही, तळाला भोक पाडावं, म्हणजे पुन्हा कुणी त्यात पाणी भरणार नाही.

५. शेजारीण रतनबाई मला खुळी म्हणाली, ते विसरलेले नाही. तरी तिच्या हंड्याचं पाणी तपासून आणावं. शेजार म्हणून तिची कल्हई फुकट व्हायची, म्हणजे खुरचणच. भांडण वेगळं, जीव वेगळा.

हे सर्वांना वाचून दाखवताना एहसान मध्येच पुटपुटला, "अम्मी, माझंच चुकलं."

म्हटलं, "मोठ्यानं बोल, साक्षीदारांना ऐकू दे."

तो मोठ्यानं बोलला. आता सही करते.

सही: जोहरा मुबारक कल्हईवाले
साक्षीदार: कुंडलिक गेनू शिळीमकर, पाली
साक्षीदार: धोंडाबाई सोमनाथ खोपडे, भाटघर
भोर, शुक्रवार, १४ मार्च २००३